सोर अजून वसलेले आहे, मग यहेज्केल चुकला का?

या महिन्यात आलेली चार पत्रे एकाच विषयावरची आहेत: बायबलमधील भाकिते आणि इतिहासात प्रत्यक्ष घडलेल्या घटना. पहिल्या पत्राने मला सगळ्यात जास्त वेळ बसवून ठेवले, म्हणून त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आमच्या अभ्यासवर्गात पाहुण्या वक्त्यांनी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय शिकवला. सोर (टायर) नगराविषयीचे भाकीत आधी बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्रेस्सर आणि मग सिकंदर यांच्या हातून अक्षरशः पूर्ण झाले, असे त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवून सांगितले. घरी आल्यावर माझ्या मुलाने फोनवर लेबनॉनचा नकाशा काढला. सोर तिथे आहे. घरे आहेत, बंदर आहे, माणसे राहतात. ‘आई, पुन्हा बांधले जाणार नाही असे लिहिले आहे ना?’ एवढेच तो म्हणाला. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : मुलाला आधी हे सांगा, की त्याने पाहिले ते खरे आहे. मग दोघे मिळून यहेज्केलाचा एकोणतिसावा अध्याय उघडा आणि सतराव्या वचनापासून विसाव्यापर्यंत वाचा. जुना करार शिकवताना हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा मी विद्यार्थ्यांना याच चार वचनांकडे नेले आहे. तुमच्या पाहुण्यांच्या तक्त्यात ती नसावीत असे वाटते.

थोडे मागून सांगते. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यहोयाखीन राजाबरोबर ज्यांना बाबेलला नेले, त्यांत यहेज्केल होता. आपल्या संदेशांवर तो तारखा घालतो, आणि त्याची ही सवय आपल्या फार उपयोगाची आहे. सव्विसावा अध्याय बंदिवासाच्या अकराव्या वर्षीचा आहे, म्हणजे यरुशलेम पडले त्या सुमाराचा. यरुशलेमची वेस मोडली, आता सारा व्यापार आपल्याकडे वळेल, म्हणून सोर हरखले होते. त्यावर संदेष्टा म्हणतो: समुद्राच्या लाटा याव्यात तशी पुष्कळ राष्ट्रे तुझ्यावर येतील, बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर घोडे आणि रथ घेऊन येईल, तुझी मातीसुद्धा खरवडली जाईल आणि उघडा खडक उरेल, त्यावर कोळी जाळी पसरतील, तू पुन्हा बांधली जाणार नाहीस.

नबुखद्रेस्सर आला. वेढा १३ वर्षे चालला असे पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस सांगतो. पण सोरचे मुख्य शहर किनाऱ्यापासून तुटलेल्या बेटावर होते, भोवती तट होता आणि गलबते त्यांच्या हातात होती. अन्नपाणी समुद्रावरून येत असेल तर जमिनीवरचे सैन्य किती दिवस बसून राहणार? अखेर सोरने बाबेलचे वर्चस्व मान्य केले, मात्र शहर लुटले गेले नाही, मातीही खरवडली गेली नाही.

आता ती चार वचने. तारीख आहे सत्ताविसाव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे इ.स.पू. ५७१. यहेज्केलाच्या सगळ्या पुस्तकात यापेक्षा उशिराची तारीख नाही. परमेश्वर म्हणतो की नबुखद्रेस्सराने आपल्या सैन्याकडून सोरविरुद्ध भारी कष्ट करून घेतले, प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले, प्रत्येकाचा खांदा सोलून निघाला, तरी त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून काही वेतन मिळाले नाही. म्हणून मिसर (इजिप्त) देश मी त्याला वेतन म्हणून देतो.

ताई, टकलावरचे आणि सोललेल्या खांद्यांवरचे ते शब्द सावकाश वाचा. वर्षानुवर्षे डोक्यावरून माती आणि खांद्यावरून दगड वाहणाऱ्या माणसांची शरीरे संदेष्ट्याच्या डोळ्यांसमोर आहेत. आपण पंधराएक वर्षांपूर्वी बोललो तसे घडले नाही, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने झाकले नाही. जुना संदेश फाडला नाही, त्यातले शब्द बदलले नाहीत, पुढे तारीख घालून दुसरा संदेश लिहिला. आणि ज्यांनी हे पुस्तक हाताने उतरवून जपले, त्यांनीही दोन्ही अध्याय ठेवले. सव्विसावा अध्याय अक्षरशः पूर्ण झाला असे सिद्ध करायला निघालेला माणूस यहेज्केलाने स्वतः कबूल केलेली गोष्ट पुसून टाकतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

मिसरचे काय झाले, हेही मुलगा विचारील. नबुखद्रेस्सराच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५६८–५६७ मध्ये, त्याने मिसरच्या अमासिस राजावर मोहीम काढली, असे सांगणारा मातीच्या पाटीचा एक तुकडा आहे. पण मिसर त्याच्या राज्यात आला नाही. तो देश जिंकला पारसाच्या (इराणच्या) कँबायसिस राजाने, इ.स.पू. ५२५ मध्ये. आणि याच अध्यायात मिसर चाळीस वर्षे ओसाड राहील असे म्हटले आहे, तशी चाळीस वर्षे मिसरच्या इतिहासात दाखवता येत नाहीत. हे तुम्ही त्याला स्वतःहून सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरे.

सिकंदराविषयी मात्र तुमच्या पाहुण्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. सव्विसाव्या अध्यायात ‘तो’ हे करील, ‘तो’ ते करील असे चालले असताना बाराव्या वचनात एकदम ‘ते’ येते: ते तुझे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरचे जुने सोर पाडले, त्याचे दगड समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांनी शहर घेतले. त्या भरावाला वाळू धरत गेली आणि बेट कायमचे जमिनीला जोडले गेले. नकाशात तुमच्या मुलाला सोर एका चिंचोळ्या भूभागाच्या टोकाला दिसले असेल, त्याच्या पोटात तो भराव आहे. बाराव्या वचनाशी हे इतके जुळते की वाचताना अंगावर काटा येतो. तरीही सोर संपले नाही. पुढे सतरा-अठरा वर्षांत ते इतके सावरले होते की सिकंदराचा सेनापती अँटिगोनस याला त्याच शहराभोवती सुमारे पंधरा महिने तळ द्यावा लागला. येशूच्या काळात यरुशलेमच्या मंदिराची पट्टी सोरच्या चांदीच्या शेकेलांत भरत असत. आणि यशयाचा तेविसावा अध्याय तर सोर सत्तर वर्षे विसरले जाईल, मग पुन्हा व्यापार करील आणि त्याची कमाई परमेश्वराला वाहिली जाईल, असे म्हणतो. म्हणजे सोरविषयी पवित्र शास्त्रातच एकाहून अधिक शब्द आहेत.

मग भाकीत म्हणजे काय, असा प्रश्न उरतो. यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात यिर्मयाला मारून टाका म्हणून जमाव उठला आहे, कारण मंदिर उद्ध्वस्त होईल असे तो बोलला. तेव्हा देशातले काही वडीलधारे उभे राहतात आणि शंभरएक वर्षांपूर्वीची आठवण सांगतात: मोरेशेथच्या मीखानेही सीयोन (यरुशलेम) शेतासारखे नांगरले जाईल असे म्हटले होते; हिज्कीया राजाने त्याला मारले का? त्याने परमेश्वराची विनवणी केली आणि परमेश्वराने ते अरिष्ट आणले नाही. मीखाचे शब्द त्या वेळी खरे झाले नाहीत, तरी त्याला कोणी खोटा संदेष्टा म्हटले नाही. उलट त्याच्या न घडलेल्या भाकिताचा दाखला देऊन यिर्मयाचा जीव वाचवण्यात आला. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या घरी हेच सांगितले आहे: एखाद्या राष्ट्राविषयी मी उपटण्याचे बोललो आणि ते राष्ट्र वळले, तर मीही वळेन. चाळीस दिवसांत निनवे नगर उलथेल असे योना बोलला, लोक वळले आणि नगर वाचले, हे तर आपण लहानपणीच ऐकलेले असते.

सोर वळले असे कुठे लिहिलेले नाही, म्हणून हा नियम सोरला जसाच्या तसा लावून मी सुटका करून घेणार नाही. मला एवढे म्हणता येते की संदेष्टा त्या दिवशी, त्या गर्विष्ठ बंदराला, त्यांना कळेल अशा भाषेत देवाचा निवाडा ऐकवत होता. नगर पडण्याविषयी त्या काळी जसे बोलत, तसे तो बोलला: खडक, जाळी, समुद्र. निवाडा खरा होता. समुद्राची राणी म्हणून मिरवणारे सोर बाबेलचे, मग पारसाचे, मग ग्रीकांचे मांडलिक झाले. पण प्रत्येक वाक्य पुढच्या घटनांची यादी म्हणून वाचायचे हे आपण ठरवले आहे, यहेज्केलाने नाही.

आणि प्रेषितांची कृत्ये, एकविसावा अध्याय, तेवढा मुलाला नक्की दाखवा. पौलाचे गलबत माल उतरवायला सोरला लागते. तिथे विश्वासणारे आहेत. सात दिवस तो त्यांच्याकडे राहतो. निघताना ते बायकामुलांसह नगराबाहेर पोचवायला येतात आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. यहेज्केलाने जाळी पसरलेली पाहिली तोच किनारा, आणि त्यावर सोरची मुले गुडघे टेकून.

प्रश्न : यशया ४४ आणि ४५ मध्ये पारसाच्या कोरेश (सायरस) राजाचे नाव दीडशे वर्षे आधी दिले आहे. हा मजकूर नंतर लिहिला असे काही अभ्यासक म्हणतात. तसे मानणे म्हणजे अविश्वासच नाही का?

उत्तर : मला तसे वाटत नाही, आणि मी स्वतः त्या अभ्यासकांच्या बाजूची आहे. यशया संदेष्टा इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चाळिसाव्या अध्यायापासून मात्र बोलणाऱ्याच्या समोर यरुशलेम आधीच ओसाड पडलेले आहे आणि ऐकणारे बाबेलमध्ये आहेत. ‘तुम्हांला बंदिवासात नेतील’ असे तो म्हणत नाही, नेलेल्यांचे सांत्वन करतो. म्हणून हा आवाज यशयाच्या परंपरेतल्या, बंदिवासातल्या संदेष्ट्याचा असावा असे मी मानते.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दाही सांगते, कारण तो हलका नाही. याच अध्यायांत परमेश्वर मूर्तींना आव्हान देतो: पुढे काय होणार ते सांगा पाहू! मग संदेष्ट्याने आधी काही सांगितलेच नसेल तर या आव्हानात जोर कुठला? यावर माझे उत्तर असे. कोरेशाने इ.स.पू. ५५० मध्ये मेदी राजाला हरवले, थोड्याच वर्षांत लुद्या (लिडिया) हे राज्य घेतले, पण बाबेल पडायला ५३९ उजाडले. मधल्या वर्षांत त्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी असेल. हा परका राजा आपल्याला सोडवील, यरुशलेम बांधा म्हणेल, असे त्या वेळी ठामपणे बोलणे हेही पुढचेच बोलणे आहे. मृत समुद्राकाठी कुमरानजवळ १९४७ साली सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत एकोणचाळिसावा अध्याय संपतो त्याच रकान्याच्या तळाशी चाळिसावा सुरू होतो, हा पुरावाही पुष्कळदा पुढे करतात. पण ती गुंडाळी कोरेशानंतर चारशे वर्षांनी उतरवलेली आहे. तिच्यावरून या वादाचा निकाल लागत नाही.

मला या उताऱ्यात नावापेक्षा दुसरीच गोष्ट थक्क करते. १८७९ साली होर्मुझ्द रस्साम या उत्खनन करणाऱ्या संशोधकाला बाबेलच्या अवशेषांत कोरेशाची मातीची नळी सापडली. तिच्यात लिहिले आहे की मर्दुक देवाने नीतिमान राजाचा शोध घेतला, कोरेशाचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. यशया ४५ म्हणतो: परमेश्वराने त्याचा उजवा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. जवळजवळ तेच शब्द! एकीकडे जगातल्या सर्वांत मोठ्या नगराचे पुजारी, दुसरीकडे ज्यांचे मंदिर जळाले अशा कैद्यांमधला एक माणूस. दोघेही म्हणतात, हा राजा आमच्या देवाने पाठवला. त्या नळीवर यहूद्यांचा उल्लेखही नाही. आज मर्दुकाची उपासना करणारा कोणी नाही.

बाबेलविषयी एक गोष्ट मला माझ्याबद्दल सांगायची आहे. यशया १३ म्हणतो की बाबेलची गत सदोम आणि गमोरासारखी होईल. कोरेशाचे सैन्य मात्र लढाईशिवाय आत शिरले आणि नगर पुढे शतकानुशतके चालले; सिकंदर तिथेच, इ.स.पू. ३२३ मध्ये, मेला. बाबेल ओसाड झाले ते हळूहळू, लोक दुसरीकडे जात गेले तसे. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा मी तरुण शिक्षिका होते. सद्दाम हुसेनने बाबेलच्या भिंती आपल्या नावाच्या विटांनी पुन्हा उभ्या केल्या होत्या. मी वर्तमानपत्रांची कात्रणे कापून बायबलमध्ये यशया १३ पाशी ठेवली आणि वर्गाला सांगितले, आता हे पूर्ण होत आहे. फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबले. पुढच्या रविवारी एका मुलीने विचारले, ‘बाई, त्या गावातली लहान मुले वाचली का?’ बाबेलजवळ माणसे राहतात, हे मी तोवर एकदाही मनात आणले नव्हते. ती कात्रणे मी काढून टाकली आणि पुढच्या वर्गात माझे बोलणे मागे घेतले. तेव्हापासून भाकीत वाचताना त्या नगरात त्या वेळी कोण राहत होते, हे आधी पाहते.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये गणित शिकतो. दानीएलाची सत्तर सप्तके आणि २३०० दिवस यांवरून प्रभूच्या येण्याचे वर्ष काढता येते का? मी एक आकडेमोड केली आहे, सोबत पाठवतो.

उत्तर : तुझी वही नीट पाहिली. बेरजा बरोबर आहेत, इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हेही तू ध्यानात ठेवले आहेस. ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अडचण तू सुरुवात कुठे धरलीस तिथे आहे. सत्तर सप्तकांसाठी, म्हणजे सत्तर वेळा सात वर्षांसाठी, कोणी कोरेशाची आज्ञा धरतात, इ.स.पू. ५३८. कोणी पारसाच्या अर्तहशश्त राजाचे सातवे वर्ष, ४५७. कोणी त्याचे विसावे वर्ष, ४४५ किंवा ४४४. शिवाय कोणी साधी वर्षे मोजतात, कोणी ३६० दिवसांची. इतक्या मोकळीकीत मनात असलेले वर्ष जवळजवळ नेहमीच गाठता येते. तू गणिताचा विद्यार्थी आहेस. उत्तर आधी ठरवून अटी निवडल्या तर त्या सिद्धतेला काय म्हणतात, ते तुला माझ्याहून चांगले माहीत आहे.

विल्यम मिलर नावाचा न्यू यॉर्क राज्यातला शेतकरी तुझ्यासारखाच मन लावून बसला होता. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून त्याने इ.स.पू. ४५७ पासून २३०० वर्षे मोजली आणि आधी १८४३ काढले. नंतर शून्य वर्षाची दुरुस्ती झाली आणि शेवटी तारीख ठरली २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी उभे पीक कापले नाही. त्या रात्री काही झाले नाही, आणि लोक पहाटेपर्यंत रडले. मिलर लबाड नव्हता. म्हणून मला त्याची गोष्ट जास्त लागते.

आता दानीएल ८ पुन्हा वाच, पण वही बाजूला ठेवून. दूत स्वतःच अर्थ सांगतो: दोन शिंगांचा एडका म्हणजे मेद आणि पारस, बकरा म्हणजे ग्रीस. त्या बकऱ्याच्या राज्याच्या वाटण्यांतून निघालेले लहान शिंग मंदिरातले नित्याचे अर्पण बंद पाडते. इ.स.पू. १६७ मध्ये सीरियाचा ग्रीक राजा अंतियोख एपिफानेस याने तेच केले, आणि १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झाले. मूळ शब्द ‘संध्याकाळ-सकाळ २३००’ असे आहेत. संध्याकाळचे आणि सकाळचे अर्पण वेगळे मोजले तर दिवस होतात ११५०, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. घरात मुलाची सुंता केली म्हणून आईला मारत होते, त्या दिवसांत कोणी तरी विचारत होते, ‘हे कुठवर?’ आणि उत्तर मिळाले की याला मोजमाप आहे. त्या आईसाठी तो आकडा किती जवळचा होता, हे आधी मनात आण.

सर आयझॅक न्यूटननेही दानीएलावर पुष्कळ वर्षे घालवली. भाकिते आपल्याला भविष्यवेत्ते करण्यासाठी दिलेली नाहीत, घडून गेल्यावर त्यांतून देवाचे नियंत्रण ओळखता यावे म्हणून दिली आहेत, असे त्याचे मत होते. त्याच्यापेक्षा मोठा गणिती तुला दाखला म्हणून सापडणार नाही. तुझी वही परत पाठवते आहे. शक्य असेल तर याच काळाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय वाच आणि मला पुन्हा लिही.

प्रश्न : यहेज्केल ३८ मध्ये देवाच्या लोकांवर चाल करून येणारा गोग म्हणजे रशियाच ना? ‘रोश’ म्हणजे रशिया, ‘मेशेख’ म्हणजे मॉस्को असे एका पुस्तिकेत वाचले.

उत्तर : नाही. नावे कानाला सारखी लागतात, एवढाच त्याला आधार आहे. ‘रोश’ हा इब्री शब्द डोके किंवा प्रमुख या अर्थाचा. मेशेख आणि तुबाल ही नावे अश्शूरी लेखांत मुश्की आणि ताबाल अशी येतात आणि ते लोक आजच्या तुर्कस्तानच्या भूमीत राहत होते. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने गोग म्हणजे गॉथ टोळ्या असे लिहिले, कारण तेव्हा भीती गॉथांची होती. धर्मसुधारक ल्यूथरच्या काळात तुर्कांची होती, तेव्हा गोग तुर्क झाले. प्रत्येक पिढीने आपला शत्रू तिथे बसवला. योहानाने मात्र प्रकटीकरण २० मध्ये गोग-मागोग हे पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतील राष्ट्रांचे नाव म्हणून वापरले आहे. ती पुस्तिका मंडळीत वाटणार असाल तर आधी ते आठवे वचन तिच्या पहिल्या पानावर लिहून द्या.